घाटमाथ्यावर लुकलुकणारा ऑइलचा दिवा, आणि जुन्या कॅम्परला नक्की कोणतं ऑइल?

तक्रार अशी होती. पोफळी मागे टाकायची, कुंभार्ली घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा, वर चहाच्या टपरीपाशी गाडी बाजूला घ्यायची. इंजिन आयडलिंगला आलं की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा (ऑइलचं प्रेशर कमी पडलं की लागतो तो) लुकलुकायला लागायचा. ॲक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवला की गायब, पाय काढला की पुन्हा हजर. सकाळी थंड गाडीला हे कधीच नाही. कराडात गावातल्या गावात फिरलो तरी नाही. फक्त लोड घेऊन चढून आल्यावर.

गाडी २००३ सालची, डिझेल, टर्बो नाही, मेकॅनिकल पंपाची. मूळची तेरा सिटांची. सिटा काढून त्यात पलंग, ओटा, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, दोन बॅटऱ्या असा संसार मी बसवला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेलच, दोष तिचा नव्हता. निम्मा वयाचा होता, निम्मा माझा.

हा दिवा मी दीड वर्षात दोनदा 'घालवला' आणि दोनदा तो परत आला. दरवेळी उपाय एकच, ऑइल बदलणे. असाच प्रकार चालू असेल तर माझे पैसे कुठे गेले ते वाचा, तुमचे वाचतील.

पहिला उपाय: जाड ऑइल

काउंटरवरच्या माणसाने एका वाक्यात निदान केलं. "जुनं इंजिन आहे ना? मग वीस-पन्नास घाला, दिवा विसरून जाल." डब्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलेलं ते घातलं. दिवा खरंच गेला. मी दोन महिने ज्याला त्याला वीस-पन्नासचं कौतुक सांगत फिरलो. मग आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढलो आणि साखरप्याच्या पुढे जे सुरू झालं ते वर पोहोचेपर्यंत वाढतच गेलं.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण निम्मी फसवणूक इथेच असते. ऑइलच्या डब्यावरचा दुसरा आकडा (४०, ५०, ३०) म्हणजे इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहतं त्याचा वर्ग. १०० अंश सेल्सिअसला ४०च्या वर्गातलं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये (हे दाटपणाचं माप) असतं, ५०चं १६.३ ते २१.९, आणि ३०चं ९.३ ते १२.५. बेअरिंगमधल्या फटी वाढल्या असतील, किंवा ऑइल कशाने तरी पातळ होत असेल, तर जास्त दाट ऑइलने प्रेशर वर दिसतं. दुखणं तिथेच असतं, फक्त काटा वर जातो. तापाच्या रोग्याला थंड पाण्याची पट्टी ठेवून थर्मामीटर बघण्यासारखं आहे.

शिवाय त्या डब्यावर एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) गोल चिन्ह बघायची अक्कल मला तेव्हा नव्हती. त्यात 'एसएल' लिहिलं होतं. 'एस'ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनांसाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. डिझेलमध्ये काजळी तयार होते आणि ती धरून ठेवायला, गोळा होऊ न द्यायला ऑइलमध्ये वेगळा मसाला लागतो. मी डिझेल व्हॅनमध्ये पेट्रोलचं ऑइल घालून घाट चढत होतो. दुकानात मोटरसायकलचं वीस-चाळीस किंवा वीस-पन्नास सगळ्यात पुढे मांडलेलं असतं, म्हणून ते हातात येतं, एवढंच.

थंडीत आणखी एक कळलं. डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे सेल्फ मारला की वरच्या बाजूला टॅपेटचा टकटकाट चांगला सात-आठ सेकंद चालायचा. दाट ऑइल वर पोहोचायलाच वेळ घेत होतं. इंजिनाची झीज या सेकंदांत बरीच होते, आणि माझ्यासारख्याची गाडी तर तीन-तीन आठवडे उभी असते.

दुसरा उपाय: महाग ऑइल

मग मी उलट्या टोकाला गेलो. जाड चालत नाही ना, तर भारी आणूया. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, डब्यावर चकाकतं चित्र, किंमत पंधरा-चाळीसच्या दुपटीहून जास्त. घाटावर जायचीही गरज पडली नाही. कराडातच, उन्हाळ्यात, सिग्नलला उभा असताना दिवा लागला. वर आठ दिवसांत फ्लायव्हीलच्या बाजूने थेंब गळायला लागले. अंगणात पुठ्ठा घालून ठेवला होता, त्यावर रोज सकाळी रुपयाच्या नाण्याएवढा डाग.

'सिंथेटिक सील खातं' असं गॅरेजात ठामपणे सांगतात. ते तसं नाही. सील वीस वर्षांत कडक झालेली असते, कडेला साचलेल्या मळामुळे कशीबशी बंद असते. पातळ आणि चांगलं धुणारं ऑइल तो मळ काढतं आणि आधीपासूनच असलेली फट उघडी पडते. ऑइल निर्दोष होतं. ते माझ्या इंजिनासाठी नव्हतं, इतकंच.

पाचचा आकडा, म्हणजे ५डब्ल्यू, ही थंडीतली सोय आहे. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशाला होते, १५डब्ल्यूची उणे २०ला, २०डब्ल्यूची उणे १५ला. आपल्याकडे महाबळेश्वरला दवबिंदू गोठले तरी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. हिवाळ्यात लेहला गाडी नेणार नसाल तर त्या सोयीचे पैसे देऊन करायचं काय? उलट चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, टाकी भरलेली, एसी चालू, अशा वेळी दुसरा आकडा महत्त्वाचा.

अशी ५डब्ल्यू-३० ऑइलं बरीचशी नव्या गाड्यांच्या धुराच्या फिल्टरसाठी बनवलेली असतात. तो फिल्टर राखेने तुंबू नये म्हणून त्यात राख करणारी द्रव्यं कमी ठेवतात. माझ्या गाडीला तो फिल्टरच नाही. नसलेल्या दाताच्या पेस्टचे पैसे मी भरत होतो.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघतानाही हेच लक्षात ठेवा. परदेशात जुना कॅम्पर म्हटलं की बहुतेकदा हवेने थंड होणारी फोक्सवॅगन असते. पेट्रोलची, सत्तरच्या आधीच्या गाड्यांत धड ऑइल फिल्टरही नाही, नुसती जाळी, आणि चेंबरमध्ये जेमतेम अडीच लिटर ऑइल. तिथला माणूस जे ऑइल सुचवतो ते त्या इंजिनासाठी बरोबर असतं. आपल्या पाण्याने थंड होणाऱ्या डिझेलला त्याचा काही उपयोग नाही.

तिसऱ्यांदा: पट्टी

शेवटी ओगलेवाडीच्या बाजूला एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. ट्रकचे पंप उघडण्यात आयुष्य गेलेलं. मी सुरुवातीलाच अभिमानाने सांगितलं, "मामा, दिवा लागतो, पण गाडी ऑइल मात्र अजिबात खात नाही. तीन हजार किलोमीटर झाले, पट्टीवर लेव्हल जशीच्या तशी."

ते म्हणाले, "जशीच्या तशी, की वर?"

ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी काढली. पुसली, घातली, काढली. लेव्हल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होती. ऑइल बदललं तेव्हा ती खुणेवर होती हे मला पक्कं आठवत होतं. बाहेर थेंब गळतायत, वीस वर्षांचं इंजिन थोडंफार जाळतही असणार, तरी लेव्हल वाढलीय. मामांनी पट्टीचं टोक नाकाला लावलं आणि माझ्यापुढे धरलं. डिझेलचा वास.

मग त्यांनी शाळेतला टीपकागद मागवला. पट्टीवरचा एक थेंब त्यावर सोडला आणि कागद दोन पान्यांवर अधांतरी ठेवला, खालून काही टेकू नये म्हणून. अर्ध्या तासाने मध्ये काळा गोल होता, ती काजळी, डिझेल गाडीत ती असणारच. तिच्याभोवती तपकिरी कडं. आणि त्याच्याही बाहेर फिकट, पिवळसर, ओलसर असं आणखी एक रुंद कडं. शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकला होता, त्याला ते बाहेरचं कडं नव्हतं.

डिझेल फीड पंपातून, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणाऱ्या पंपातून, आत झिरपत होतं. अशा इंजिनांत हा पंप इंजेक्शन पंपाच्या पोटाला बसवलेला असतो. त्याची दांडी आणि सील झिजली की दाबाखालचं डिझेल बाहेर न येता इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. जमिनीवर एक थेंब दिसत नाही. घाटात इंजिन जास्त डिझेल मागतं, झिरपणंही वाढतं, त्यात ऑइल तापून आधीच पातळ. पाच टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळलं तरी ऑइल एक ग्रेड खाली उतरू शकतं. म्हणजे माझं वीस-पन्नास दोन महिन्यांत चाळीस झालं, आणखी पुढे तीस, आणि तीसचं तर काय झालं असेल ते झालं. म्हणूनच प्रत्येक वेळी नवीन ऑइलवर दिवा जायचा आणि काही आठवड्यांनी परत यायचा. या 'काही आठवड्यांनी परत येण्या'तच निदान होतं. फटी वाढल्यामुळे प्रेशर कमी असतं तर ताज्या ऑइलवरही फार दिवस लपलं नसतं.

फीड पंप नवा बसवला. पंपाची किंमत त्या भारी ऑइलच्या डब्याहून कमी होती. हे लिहिताना अजून बोचतं.

आधी हे बघा, ऑइल नंतर

पट्टी बघायची तर गाडी सपाटीवर हवी. कॅम्परवाल्यांची खास चूक अशी की रात्री पलंग सरळ यावा म्हणून आपण चाकांखाली ठोकळे घालतो आणि सकाळी तशाच अवस्थेत पट्टी बघतो. ठोकळे काढा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग बघा. आकडा डायरीत लिहा, किलोमीटरसह. नुसतं 'ठीक आहे' म्हणण्याने मी दीड वर्ष घालवलं.

लेव्हल वाढत असेल आणि वास डिझेलचा असेल तर फीड पंप, नाहीतर गळका इंजेक्टर. लेव्हल वाढली आणि ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी मिसळतंय, गाडी चालू करू नका, हेड उघडावं लागेल. मात्र ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसता पांढुरका साका असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर घाबरू नका. उभ्या गाडीत दमट हवेने तो धरतो, पावसाळ्यात जास्तच. त्याला कारण आपणच. बॅटरी चार्ज व्हावी म्हणून आपण दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद करतो. एवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही, उलट भर पडते. चालू करायची तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवूनच आणा, नाहीतर चालूच करू नका, बॅटरीला चार्जर लावा.

लेव्हल घटत असेल तर ऑइल जातंय कुठे? पुठ्ठा घालून गळती बघा. सकाळी पहिल्या सेल्फला निळा धूर येऊन मिनिटभरात गेला तर व्हॉल्व्ह गाइडच्या सील. चढाला सतत निळा धूर आणि ऑइलचं झाकण काढल्यावर भकभक बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा उलटी) मारत असेल तर पिस्टनच्या रिंग गेल्या. पण तो निकाल देण्याआधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारा, पाइप काढून फुंकून बघा. तो चिखलाने बंद झालेला असतो आणि लोक विनाकारण हाफ इंजिन काढून बसतात. हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल गेलं तर या वयात मी तक्रार करत नाही. लिटरभर जायला लागलं तर मात्र कुठलंही ऑइल उपयोगाचं नाही, काम काढावं लागणार.

आणि दिव्यावर विश्वास ठेवण्याआधी प्रेशर मोजा. दिव्याचा स्विच काढून त्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावतात, चांगल्या गॅरेजात असतो. स्विचच खराब निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत, दोन-तीनशे रुपयांचा विषय असतो. तापलेल्या इंजिनावरच मोजायचं, थंडीत सगळ्यांचंच प्रेशर छान असतं. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकात मिळेल. एक कल्पना यावी म्हणून सांगतो: आपल्याकडच्या जुन्या मेटॅडोर-ट्रॅव्हलरमधलं २.४ लिटरचं डिझेल ज्या घराण्यातलं, त्या मर्सिडीजच्या ओएम ६१६ साठी गरम आयडलिंगला किमान ०.३ बार आणि ३००० फेऱ्यांना ३ बार असा हिशोब असे. गॅरेजात बारला 'किलो' म्हणतात, फरक फारसा नाही. म्हणजे आयडलिंगला काटा खाली दिसला म्हणून लगेच रडायचं कारण नाही, रेस केल्यावर तो सरसर वर जातो का ते महत्त्वाचं. माझ्या गाडीत जुन्या, डिझेल मिसळलेल्या ऑइलवर गरम आयडलिंगला काटा पाव किलोवर थरथरत होता.

मग कोणतं?

पंधरा-चाळीस. डिझेलचं, एपीआय सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस, मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या, धुराचा फिल्टर नसलेल्या डिझेल कॅम्परला महाराष्ट्र-गोव्यात मी दुसरं काही सुचवणार नाही. ट्रक-ट्रॅक्टरवाले हेच घालतात म्हणून ते 'हलकं' समजू नका. आपली व्हॅन कामाने ट्रकच आहे, भरलेली चढते आणि तासन् तास चढते.

तुमच्या पुस्तकात सीएफ-४ किंवा सीएच-४ लिहिलेलं असेल आणि दुकानदार म्हणेल ते आता मिळत नाही. बरोबर आहे. सीएफ-४ १९९०च्या सुमारासचं, सीएच-४ १९९८चं, सीआय-४ २००२चं. नंतरचं आधीच्याच्या जागी चालतं. २०१६च्या अखेरीस आलेलं सीके-४ सुद्धा चालेल. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असे, त्याचं आम्ल मारायला ऑइलमध्ये ताकद लागे, म्हणून जुने मिस्त्री कमी राखेच्या ऑइलला नाक मुरडतात. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं डिझेल मिळतंय, त्यामुळे ती भीती आता राहिलेली नाही. फक्त 'एफए-४' लिहिलेलं ऑइल घेऊ नका, ते मुद्दाम पातळ बनवलेलं, नव्या इंजिनांचं आहे.

वीस-पन्नास कधीच नाही का? गेजने मोजून, डिझेल किंवा पाणी मिसळत नाही याची खात्री करून, बेअरिंगच सैल आहेत हे कळलं असेल आणि इंजिनाचं काम वर्षभर पुढे ढकलायचं असेल, तर डिझेलच्या वर्गातलं वीस-पन्नास घालून उन्हाळा काढता येतो. ती उधारी आहे हे माहीत असू द्या.

सिंथेटिक हवंच असेल तर १५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० मध्ये घ्या. माझ्या मते वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही. मिनरल घाला आणि वेळेवर बदला. मी पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते धरतो. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला. उभ्या गाडीचं ऑइलही ओलावा आणि आम्लाने जुनं होतं, ओडोमीटरला ते कळत नाही.

ऑइल घातल्यावर दोन-तीनशे किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिझेलमध्ये व्हायचंच. फ्लशिंगच्या बाटल्याही नकोत. वीस वर्षांचा चिखल एकदम सुटला तर तो चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो. आत घाण असेल तर साधं ऑइल घालून दीड-दोन हजार किलोमीटरवर फिल्टरसकट काढा, परत एकदा तसंच करा. सुटं ऑइल घेऊ नका, सीलबंद डबा घ्या, आणि रिकामा डबा झाकणासकट भंगारात देण्याआधी कापा. आपलेच डबे दुसऱ्याला नकली भरून विकले जातात.

बदलताना गाडी गरम हवी. ड्रेन नटचं तांब्याचं वॉशर नवं टाका, पंधरा-वीस रुपयांसाठी वर्षभर थेंब मोजत बसू नका. फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून बसवा. गाडीला स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल असेल तर ती ओढून धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझला की मग केबल सोडून चालू करा. कोरड्या बेअरिंगवर पहिला दणका बसत नाही. निघालेलं काळं ऑइल गटारात नाही, गॅरेजच्या ड्रममध्ये.

फीड पंप बदलल्यावर पंधरा-चाळीस सीआय-४ प्लस घातलं आणि परत चिपळूणला जाऊन आलो, टाक्या मुद्दाम भरून. गेज तात्पुरता डॅशबोर्डला तारेने बांधला होता. घाटमाथ्यावर, गरम आयडलिंगला, काटा एक किलोच्या किंचित खाली स्थिर. त्यानंतर चार हजार किलोमीटर झाले. डायरीत पट्टीचा आकडा दर पाचशेला लिहितोय. तो आता हळूहळू खाली सरकतोय, हजाराला साधारण दोनशे मिली. फ्लायव्हीलकडचा थेंब अजून आहे, पण नाण्याचा आता मोठ्या टिकलीएवढा झालाय. क्रँकची मागची सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम क्लच प्लेटच्या वेळी एकदमच करणार. तोवर पुठ्ठा आहे.